चार नंबरला शून्य चुका

घर बघायला गेले तेव्हा मी आमच्या घरमालकीण काकूंना सहज म्हणाले होते, "पडदे काय, दोनेक महिन्यांत लावून टाकीन." भाड्याने घर घेताना माणूस असलं काहीबाही बोलतच असतो. बरोबर दोन महिन्यांनी, एका रविवारी सकाळी, काकू जिना चढून वर आल्या. हातात लांबट वही होती. चष्मा नीट केला आणि त्यांनी माझंच बोलणं मला वाचून दाखवलं. "'पडदे काय, दोनेक महिन्यांत लावून टाकीन.' मग तू हसली होतीस, तेही लिहून ठेवलंय. आज दोन महिने पूर्ण होऊन राहिले."

मी त्याच संध्याकाळी बाजारात जाऊन पडदे आणले.

वहीत मला नुसत्या रेघोट्या आणि ठिपके दिसले होते. काकू स्टेनो होत्या. भोपाळच्या एका सरकारी खात्यात तीस वर्षं त्यांनी साहेबलोकांचं डिक्टेशन घेतलं आणि निवृत्त झाल्यावर आनंद नगरातल्या घराच्या तळमजल्यावर शॉर्टहँडचा क्लास काढला. वडील नागपूरचे. मध्य प्रदेशची राजधानी नागपूरहून भोपाळला आली तेव्हा फायलींच्या पेट्यांबरोबर जे कारकून इकडे आले, त्यातले ते एक. काकूंचा जन्म मात्र इथलाच. त्यांच्या मराठीत नागपूरही होतं आणि भोपाळची हिंदीही, आणि दोन्हींचं प्रमाण समोरचा माणूस बघून ठरायचं. माझ्यासारख्या नाशिकच्या बाईशी बोलताना त्या जरा सांभाळून बोलत, रागावल्या की सांभाळत नसत.

लिहिण्याची सवय हाताला अशी चिकटली होती की त्या काहीही लिहून घेत. पेन्सिल कायम अंबाड्यात खोचलेली. दूधवाला काय म्हणाला, गॅसवाल्याने फोनवर कुठला वार सांगितला, शेजारीण कोणाबद्दल काय बोलली, सगळं. वही जवळ नसेल तर वर्तमानपत्राचा कोरा काठ, तोही नसेल तर भिंतीवरचं कॅलेंडर. कॉलनीच्या समितीचे अध्यक्ष एकदा बैठकीत म्हणाले, की बागेत पार्किंग करायचं असं मी कधीच म्हणालो नव्हतो. काकू उठल्या, मागची पानं उलटली आणि त्यांचं मागच्या बैठकीतलं अख्खं भाषण वाचून दाखवलं. दोन ठिकाणी त्या थांबल्या आणि "यहाँ खाँसी," असंही वाचलं. बाग वाचली. अध्यक्ष मात्र त्यानंतर काकूंच्या समोर नुसती मान हलवायला लागले.

"नोंद आहे," हे त्यांचं आवडतं वाक्य. दुसरी आवड मोजण्याची. कुठल्याही गोष्टीला चांगलं किंवा वाईट म्हणणं त्यांना पटत नसे, त्या चुका मोजत. माझ्या पोह्यांना त्यांनी पहिल्यांदा चार चुका दिल्या होत्या, पुढे वर्षभरात मी एकवर आले. कुणाच्या मुलीला बघायला आलेल्या मुलाबद्दल विचारलं तर म्हणाल्या, "शंभरात सात चुका. पास आहे, पण मेरिटमध्ये नाही."

आणि एक गोष्ट त्या कधीही करत नसत. समोरच्याला 'पुन्हा सांगा' म्हणत नसत.

याची कथा त्यांनी मला निदान पाच वेळा सांगितली असेल. त्यांचे एक साहेब होते, गालात पान ठेवून, खिडकीकडे तोंड करून डिक्टेशन द्यायचे. काकूंच्या आधी तिथे असलेल्या एका मुलीने एकदा धीर करून म्हटलं, "सर, फिर से?" दुसऱ्या आठवड्यात ती जुन्या फायलींच्या खोलीत जाऊन बसली, ती शेवटपर्यंत तिथेच. "तेव्हाच ठरवलं मी," काकू म्हणायच्या. "तीस साल में एक बार भी 'फिर से' नहीं बोला. एकदाही नाही. आणि एक चिट्ठी परत आली नाही माझी." हे सांगताना त्यांची मान अशी ताठ व्हायची की ऐकणाऱ्याने पण जरा सरळ बसावं.

त्या फार हुशार होत्या आणि हे त्यांना चांगलं माहीत होतं. मला अशी माणसं आवडतात. नम्र माणसांच्या मनात काय आहे ते शोधत बसावं लागतं, काकूंचं तसं नव्हतं.

काका मात्र त्यांच्या अगदी उलट. जवळच्या मोठ्या कारखान्यात ते तंत्रज्ञ होते. यंत्रांच्या आवाजात सारी हयात गेली, तिथे माणसं हाताच्या खुणांनी बोलत. त्यामुळे काका तोंड उघडायला वेळ घेत, आणि तेवढ्या वेळात काकूंचं ऐकून झालेलं असे.

"मी म्हणत होतो, यंदा आपण..." काका सुरुवात करत.

"कूलरची खस बदलू. सांगितलंय मी त्याला," काकू पूर्ण करत.

काका क्षणभर बघत आणि मान हलवत. "एकदा त्या सुट्टीत..." असं म्हणाले, तर "क्लासला सुट्टी नसते, माहीत आहे ना." झालं. काकांनी माझ्यासमोर एक वाक्य शेवटापर्यंत नेलेलं मला आठवत नाही. त्यांचे एक थोरले भाऊ वर्ध्याला असतात, ही माहितीसुद्धा मला काकांकडून मिळाली नव्हती. बैठकीच्या खोलीत दोघा भावांचा सायकलीवरचा फोटो होता, त्यावरून मी काकूंना विचारलं होतं. काकूंचा आलं ठेचून घातलेला चहा ते दिवसातून चार वेळा गुपचूप पीत. मी एकदा नवऱ्याला म्हणालेसुद्धा, बघ, याला म्हणतात सुखी संसार.

आता इअरबड्सची गोष्ट.

नवऱ्याची बँकेतून भोपाळला बदली झाली तेव्हा मी नाशिकची नोकरी सोडली होती. इथे आल्यावर घरबसल्या एका वेबसाइटसाठी लिहायला लागले. मोबाइल, मिक्सर, इस्त्री, काय येईल ते वापरून बघायचं आणि घ्यावं की नाही ते सांगायचं. काम कच्चं होतं. दिल्लीकडे बसणारे आमचे संपादक उन्हाळ्यात म्हणाले, मधल्या किमतीचे, बाहेरचा आवाज गिळणारे सात बिनतारी इअरबड्स पाठवतो, त्यांची मोठी तुलना करा. हा लेख जमला तर तुम्हाला पक्कं करू.

सात डब्या आल्या. मधल्या किमतीची वस्तू तपासणं सगळ्यात अवघड. स्वस्त वस्तूला माफ करता येतं, महागडीला झोडता येतं. ही मधली मंडळी सगळीच बऱ्यापैकी असतात आणि सगळ्यांच्या खोक्यावर एकच मजकूर असतो. मी आठवडाभर सातही कानात घालून गाणी ऐकली. एकात वारा शिरायचा, एक कानात बूच बसल्यासारखा दडपायचा, एकाची डबी उन्हात तापायची. सहा नंबर मला सगळ्यांत शांत वाटला. पण 'मला वाटलं' यावर पक्की नोकरी मिळत नाही, काहीतरी मोजून दाखवायला हवं होतं. आणि मोजणारं माणूस माझ्या पायाखालच्या मजल्यावरच राहत होतं.

काकूंनी पहिल्यांदा इअरबड्स घातले तेव्हा खोलीत कूलर धडधडत होता. मी बटण दाबलं. काकूंनी चमकून वर बघितलं आणि ओरडल्या, "अहो, कूलर बंद पडला. बघा जरा." काका बिचारे उठून कूलरसमोर जाऊन उभे राहिले. वारा त्यांच्या अंगावर येत होता, पण बोलावं कसं ते त्यांना सुचेना. शेवटी त्यांनी हातानेच खूण केली की चालू आहे. काकूंनी एक कान काढला, घातला, पुन्हा काढला. मग म्हणाल्या, "चीज चांगली आहे. पण ऐकू येतं ते किती बरोबर येतं, हे पाहावं लागेल."

पद्धत त्यांनीच ठरवली. त्यांच्याकडे डिक्टेशनचं एक जाडजूड पुस्तक होतं, सरकारी हिंदीतल्या भाषणांचं. त्यातले सात उतारे, प्रत्येकी पाचशे शब्द, मी मिनिटाला शंभरच्या वेगाने मोबाइलवर वाचून ठेवायचे. मग काकूंनी एकेक इअरबड घालून डिक्टेशन घ्यायचं, आणि तेही गोंगाटात. गोंगाटाला आमच्याकडे तोटा नव्हता. शेजारच्या प्लॉटवर फरशी कापायचं मशीन चालू होतं, फाटकाबाहेर रायसेन रोडचे ट्रक, आणि घरात काकांनी मिक्सरमध्ये सुक्या मिरच्या घालून मिक्सर चालवायचा. काकूंनी लिहिलेलं मग त्या साध्या अक्षरात उतरवून देणार आणि मी ते पुस्तकाशी ताडून चुका मोजणार.

तीन दिवस हे चाललं. काका मिक्सरपाशी रुमाल बांधून उभे राहत. मिरच्यांनी सगळे शिंकत होतो, काकू सोडून. त्यांची पेन्सिल एकदासुद्धा थांबली नाही.

निकाल बघून मला आश्चर्य वाटलं. चार नंबर, सगळ्यांत साधा, त्याला शून्य चुका. एक आणि तीनला एकेक, बाकीच्यांना दोन-तीन. आणि मला आवडलेल्या सहा नंबरला नऊ. मी ते पान दोनदा ताडून पाहिलं. एका ठिकाणी सलग नऊ शब्द नव्हतेच. म्हटलं, माझे कान ते काय, आणि तीस वर्षांत एक चिठ्ठी परत न आलेल्या बाईचे कान ते काय. मी ठासून लिहिलं: चार नंबर पहिला, सहा नंबर शेवटचा. लेखात काकूंची पद्धतही लिहिली, त्यांचं नाव न घालता, 'तीस वर्षांच्या अनुभवी लघुलेखिकेने केलेली चाचणी' असं.

लेख गाजला. संपादकांचा फोन आला, "ये स्टेनोवाला आइडिया कमाल है. काग़ज़ तैयार करवाता हूँ आपके." काकूंनी लेखाची कागदावर छापलेली प्रत मागवली आणि क्लासच्या भिंतीवर डकवली. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला त्यापुढे उभं करत होत्या.

दहा दिवसांनी जबलपूरच्या एका वाचकाने लिहिलं, की चार नंबर घेऊन बसमध्ये बसलो, इंजिनाशिवाय काही ऐकू आलं नाही. मग अशी आणखी तीन पत्रं आली. मी ती काकूंना हसत हसत दाखवली. म्हटलं, एखादा पीस खराब निघाला असेल, किंवा यांना कानात नीट बसवता येत नसतील. काकू हसल्या नाहीत.

"तक्रार आली की फाइल उघडायची," त्या म्हणाल्या. "दे तो चार नंबरचा उतारा. पण आता तुला सगळ्यांत शांत वाटला होता त्या सहा नंबरमधून ऐकव, आणि आवाज सगळे बंद."

त्यांनी आपला जुना उतारा समोर घेतला आणि ओळीवर बोट ठेवून ऐकायला लागल्या. मी बाजूला बसून भाजी निवडत होते. मधेच त्यांचं बोट थांबलं. त्यांनी रेकॉर्डिंग मागे घेतलं, तेवढंच पुन्हा ऐकलं. मग तिसऱ्यांदा.

"इथं तू एक ओळ वाचलीच नाहीस," त्या म्हणाल्या.

मी पुस्तक उघडलं. नाशिकच्या माणसाने सरकारी हिंदी मिनिटाला शंभर शब्दांनी वाचायची म्हणजे काय होणार, एका ओळीवरून माझी नजर खालच्या ओळीवर घसरली होती. मधली ओळ, गावांना पिण्याचं पाणी पुरवण्याबद्दलची, मी गिळून टाकली होती. पुस्तकात ती होती. आणि काकूंच्या कागदावरही होती, पूर्ण, एक मात्रा न चुकता. म्हणून तर मी बरोबरची खूण केली होती.

"तू बोलली नाहीस," काकू सावकाश म्हणाल्या. "मग मी लिहिली कुठून?"

माझ्या डोक्यात तेव्हा सहा नंबरचे ते सलग नऊ शब्द आले. तो उतारा लावून ऐकला. तिथेही मी नऊ शब्द खाल्ले होते. सहा नंबरमधून काकूंना स्पष्ट ऐकू आलं होतं, म्हणून त्यांनी मी न बोललेले शब्द लिहिले नव्हते. आणि मी त्या प्रामाणिकपणाच्या नऊ चुका मोजल्या होत्या. चार नंबरमध्ये मशीन आणि मिक्सरपुढे त्यांना निम्मं ऐकू आलं नव्हतं, तिथे त्यांनी वर्षानुवर्षं क्लासात घोटलेलं भाषण स्वतःच लिहून काढलं होतं. जितकं कमी ऐकू आलं तितकं ते पुस्तकाबरहुकूम झालं. आमची अख्खी चाचणी उलटी होती.

मी हसणार होते. खरं तर प्रकार हसण्यासारखाच होता. पण काकूंच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि हसू आवरलं.

"साहेब पान खाऊन बोलायचे," त्या कुणाला तरी सांगावं तशा म्हणाल्या. "अर्धं ऐकू यायचं नाही. मी लिहून टाकायची. त्यांनी सही करून टाकायची. चिट्ठी परत आली नाही, आली नाही करून राहिले मी इतकी वर्षं. कशाला येईल? जे कोणी बोललंच नाही ते मी लिहीत होते, बाप्पा."

त्या संध्याकाळी क्लास झाला नाही. मी त्या घरात आल्यापासून पहिल्यांदा. काकांनी फाटकाशी उभं राहून मुलांना हातानेच परत पाठवलं. मला काकूंची इतकी काळजी वाटली की स्वतःच्या नोकरीचं मी रात्र होईपर्यंत विसरून गेले होते.

सकाळी सातला त्या वर आल्या. अंबाडा घट्ट, पेन्सिल जागेवर.

"दुरुस्ती छापायची," म्हणाल्या.

मी संपादकांना फोन लावला. ते वैतागले. "छप गया तो छप गया. नीचे एक लाइन डाल देते हैं कि नतीजे अलग हो सकते हैं." मला ते सोयीचं वाटलं, खोटं कशाला सांगू. कागद तयार होत होते. मी फोन ठेवून काकूंना म्हटलं, आपण जरा मोघम काहीतरी लिहू.

"ठीक आहे," त्या माझ्या स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसल्या आणि वही उघडली. "बोल तू. मी लिहिते. तू बोलशील तेच लिहीन, आपल्या मनाचा एक शब्द घालणार नाही."

मी बोलायला लागले. चाचणीच्या पद्धतीतील काही तांत्रिक बाबींमुळे, वापरणाऱ्याच्या परिस्थितीनुसार, निष्कर्षांमध्ये अल्पसा फरक संभवतो, असं काहीतरी. पेन्सिल सरसर चालत होती. मग त्यांनी ते मला वाचून दाखवलं, सपाट आवाजात. मी मधे 'अं' केलं होतं, तिथे 'अं' सुद्धा वाचलं.

आपलं बोलणं असं जसंच्या तसं परत ऐकू आलं की फार लाज वाटते. पडद्यांच्या वेळी वाटली होती त्याहून कितीतरी जास्त.

"हे छापायचं?" काकूंनी विचारलं.

"नाही," मी म्हणाले. "लिहा. आमची चाचणी चुकली. मी वाचताना शब्द गाळले आणि रेकॉर्डिंगशी ताडण्याऐवजी पुस्तकाशी ताडलं. चार नंबर विकत घेऊ नका."

"आणि लघुलेखिकेने न ऐकलेलं लिहिलं," काकू म्हणाल्या. "तेही बोल. तू बोलल्याशिवाय मी लिहू शकत नाही."

मी ते बोलले. त्यांनी लिहिलं आणि खाली दोनदा रेघ मारली.

संपादकांनी दुरुस्ती छापली, पण कागद थांबवले. म्हणाले, सोमवारपर्यंत नवीन चाचणी द्या, ती खणखणीत असेल तर बघू. मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. काकूंना कुठलंही भाषण दिलं तरी त्या ते पुढे पूर्ण करणार. कथा दिली तरी करणार, बातमी दिली तरी करणार. त्यांनीच तोड काढली. अर्थच नसलेलं काहीतरी हवं. नुसते शब्द, एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही असे, आणि ते आधी मलाही माहीत नसावेत.

"मग वाचणार कोण?" मी विचारलं.

आम्ही दोघींनी एकदमच काकांकडे पाहिलं. ते मिक्सर पुसत होते.

काकांनी हे काम फार मनावर घेतलं. दोन दिवस ते जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर शब्द लिहीत बसले, प्रत्येकी शंभर शब्दांच्या सात याद्या. कुणी जवळ आलं की हात आडवा धरत. मग मागच्या खोलीचं दार लावून त्यांनी एकट्यानेच त्या माझ्या मोबाइलवर वाचल्या. सातशे शब्द, एका दमात, मधे कुणीही न बोलता. बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता इतका खुललेला होता.

रविवारी पुन्हा मशीन, मिक्सर, मिरच्या. पण या वेळी काकूंची पेन्सिल थांबत होती. ऐकू न आलेल्या शब्दाची जागा त्यांना मोकळी सोडायची होती, आणि ती सोडताना त्यांना किती जड जात होतं ते दिसत होतं. पेन्सिल कागदाला टेकायची, उचलली जायची, आणि पुढे सरकायची. चार नंबरला शंभरात एकतीस जागा मोकळ्या राहिल्या. एकला सोळा, तीनला चौदा, बाकीच्यांच्या त्याच्या खाली. सहा नंबर शेवटी ठेवला होता. त्यात फक्त दोन. मी मनातल्या मनात लेख लिहायला लागले होते. या वेळी मला काडीचीही शंका नव्हती, आणि पुढे संपादकांनाही राहिली नाही, महिन्याभरात त्यांनी मला पक्कं केलं.

पण ते नंतर. तेव्हा सहा नंबरची यादी काकू वाचून दाखवत होत्या आणि मी कानाशी मोबाइल धरून ताडत होते. "कोथिंबीर. बेअरिंग. मंगळवार. चिमटा. तुरटी. पाना." त्यांचा तो सपाट आवाज. काका मिक्सरचं भांडं घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. "छत्री. वंगण. शेपू. वर्धा. दादा. एकदा. भेटून. येऊ."

यादी संपली. माझ्या कानातही काकांचा आवाज तिथेच संपला होता. त्या दोन मोकळ्या जागा सोडल्या तर सगळे शब्द बरोबर होते.

काकूंनी वहीवरून मान वर केली नाही. त्यांनी ती शेवटची ओळ एकदा मनाशी वाचली असावी, ओठ हलले. मग एक इअरबड काढला, मग दुसरा, आणि दोन्ही डबीत नीट ठेवून झाकण लावलं. बाहेर फरशीचं मशीन कर्कश ओरडत होतं. त्या उठल्या, खिडकी लावून घेतली, आणि काकांसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"परत सांगा," काकू म्हणाल्या.

काकांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. तोंड उघडलं आणि नेहमीसारखे थांबले. मला काकूंच्या गळ्यात उरलेलं वाक्य येताना दिसलं, पण त्यांनी ते गिळलं. काकांना लागला तेवढा वेळ त्यांनी लागू दिला.

"वर्ध्याला दादाला एकदा भेटून येऊ, असं म्हणत होतो," काका म्हणाले. "त्याला आता जिना उतरता येत नाही. तीन वर्षं झाली, मी म्हणत होतो."

काकूंनी अंबाड्यातली पेन्सिल काढली आणि उभ्या उभ्याच ते लिहून घेतलं. लिहिताना त्यांचे डोळे भरून आले होते, आणि माझेही. मग त्यांनी ते वाचून दाखवलं, काकांच्याच शब्दांत, तीन वर्षांसकट.

"बरोबर आहे?"

काकांनी मान हलवली.

"पुढल्या शनिवारपासून आठ दिवस क्लास बंद," काकू मला म्हणाल्या. "बाहेर पाटी लाव." मग पुन्हा काकांकडे वळल्या. पेन्सिल अजून वहीवरच होती. "अजून काही राहिलंय?"

काका विचार करत राहिले. मशीन थांबलं, पुन्हा सुरू झालं. कुणीही मधे बोललं नाही.

"चहात आलं घालू नकोस," ते म्हणाले. "मला नाही आवडत."

काकूंनी तेही लिहून घेतलं.